दहा दिवे आणि एक निवाडा

कोणत्याही जुन्या देवालयाच्या प्रांगणातील दीपमाळ पेटविली जात असताना दुरून पाहणाऱ्यास एक मौज दिसते. खालच्या हातांवरील पणत्या प्रथम उजळतात, मग त्यांच्यावरच्या, मग त्याहून वरच्या. आणि पेटविणारा मनुष्य अंधारात दिसत नसला तरी तो किती वर चढला आहे हे प्रकाशाच्या उंचीवरून बिनचूक कळते. उलटपक्षी तोच मनुष्य हाती एकच कंदील घेऊन गडाच्या पायऱ्या चढू लागला, तर मागच्या पायऱ्या अंधारातच राहतात आणि एकच ठिपका वर सरकताना दिसतो. उंची दोन्ही रीतींनी कळते. पहिल्या रीतीत सर्व ओलांडलेल्या पायऱ्या साक्ष देतात. दुसरीत केवळ शेवटची पायरी बोलते. विद्युत्शास्त्रात मोजमाप प्रकाशाने दाखविण्याच्या ज्या युक्त्या गेल्या शंभर वर्षांत निघाल्या, त्यांतील एका लहानशा युक्तीचा इतिहास आम्ही आज वाचकांपुढे मांडणार आहो. विषय एका चिपचा आहे आणि त्या चिपच्या अनेक तारा एकत्र बांधण्याचा आहे. परंतु त्याच्या पोटात जो प्रश्न आहे तो कारागिरांपुरता नाही. पुष्कळ साक्षीदारांचे म्हणणे एका वाक्यात गुंडाळावे काय, आणि गुंडाळल्यास त्यात काय हरवते, हा तो प्रश्न होय.

आरंभ काट्यापासून केला पाहिजे. विजेचा दाब अथवा प्रवाह मोजण्याचे काम एकोणिसाव्या शतकापासून काट्याकडे होते. काटा ही मोठी प्रामाणिक वस्तू आहे. दोन आकड्यांच्या मधली जागा तो तशीच दाखवितो. तो निवाडा करीत नाही. पण त्याला वजन आहे, आणि वजन आहे म्हणून आळस आहे. आकाशवाणीच्या व ध्वनिमुद्रणाच्या कामी हा आळस जाणवू लागला. १९३९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळा व तेथील दोन मोठ्या ध्वनिक्षेपण संस्था ह्यांनी एकत्र बसून आवाजाची पातळी दाखविणाऱ्या काट्याचा एक सर्वमान्य नमुना ठरविला. तोच पुढे ‘व्ही.यू. मीटर’ ह्या नावाने जगभर गेला. त्याच्या काट्याने आपल्या जागी पोचण्यास सुमारे तीन दशांश सेकंद घ्यावेत असे मुद्दाम ठरविले होते, म्हणजे बोलण्यातील प्रत्येक झटक्याबरोबर तो उड्या मारीत सुटणार नाही. आळसाचेच येणेप्रमाणे मानक झाले.

ह्याच्या चार वर्षे आधी, १९३५ साली, आर.सी.ए. कंपनीने ‘६ ई ५’ नावाची निर्वात नळी बाजारात आणली. तीत काटा नव्हता. हिरव्या प्रकाशाच्या वर्तुळात एक काळी पाचर दिसे, आणि केंद्र नीट लागले म्हणजे ती पाचर आकुंचन पावे. जुन्या रेडिओंच्या तोंडावर हा हिरवा डोळा ज्यांनी बालपणी पाहिला असेल त्यांस तो विसरणे शक्य नाही. आमच्याकडील दिवाणखान्यांतूनही तो पुष्कळ वर्षे मिचकावत होता. मोजमाप सांगण्यासाठी वस्तू हलविण्याऐवजी प्रकाशच हलवावा ही कल्पना येथे घरोघरी पोचली. तथापि हा डोळाही काट्यासारखाच अखंड होता. त्याला पायऱ्या नव्हत्या. पायऱ्या येण्यासाठी लहान, स्वस्त आणि न जळणारे दिवे हवे होते, आणि ते अद्याप जन्मास यावयाचे होते.

त्या दिव्याची जन्मकथा मात्र रेडिओच्या डोळ्याहूनही जुनी आहे. १९०७ साली हेन्री जोसेफ राउंड ह्या इंग्रज अभियंत्याने ‘इलेक्ट्रिकल वर्ल्ड’ ह्या नियतकालिकास एक अगदी छोटे टिपण पाठविले: कार्बोरंडमच्या स्फटिकास दोन टोके टेकवून दहा व्होल्टचा दाब दिला असता काही स्फटिकांतून पिवळसर उजेड निघतो. राउंड मार्कोनीच्या पदरी होता. त्याचे सारे चित्त बिनतारी संदेशांत गुंतलेले. उजेड त्याने नोंदविला आणि तो पुढे गेला. पुढल्या विसांत ओलेग लोसेव्ह ह्या रशियन तरुणाने तोच उजेड पुन्हा पाहिला, पण तो त्यावरून पुढे गेला नाही. तेथेच थांबून त्याने त्यावर वर्षानुवर्षे प्रयोग केले व निबंध प्रसिद्ध केले. १९४२ साली लेनिनग्राडच्या वेढ्यात हा मनुष्य अन्नावाचून मेला. त्याच्या उजेडाला वारस मिळण्यास आणखी वीस वर्षे लागली. १९६२ साली निक होलोन्याक ह्यांनी जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत गॅलियम, आर्सेनिक व फॉस्फरस ह्यांच्या मिश्र स्फटिकातून डोळ्यांस दिसणारा तांबडा प्रकाश काढला. १९६८ साली मोन्सॅन्टो कंपनीने असे दिवे मोठ्या संख्येने तयार करावयास घेतले. आणि सत्तरीच्या दशकात एल.ई.डी. ही वस्तू घड्याळांत, गणकयंत्रांत व हौशी कारागिरांच्या पेटीत जाऊन बसली.

दिवा मिळाला; आता ‘केव्हा पेटावे’ हे सांगणारा कोणी हवा. हे काम कंपॅरेटर नावाच्या मंडलाचे. त्यास दोन दाब दिले असता ह्यांतील थोर कोणता एवढेच ते सांगते. उत्तर ‘होय’ अथवा ‘नाही’. १९६५ च्या सुमारास बॉब विडलर ह्या विलक्षण बुद्धीच्या, तितक्याच विक्षिप्त अभियंत्याने फेअरचाइल्ड कंपनीत ‘७१०’ क्रमांकाचा कंपॅरेटर एका स्फटिकावर बसविला. लागोपाठ ‘७११’ आला. त्यात दोन कंपॅरेटर होते, आणि वाचकांनी येथे लक्ष द्यावे, त्या दोहोंची उत्तरे कारखान्यातच एकत्र बांधून बाहेर एकच तार काढलेली होती. कारण असे की, त्या काळच्या गणकयंत्रांची स्मृती लोहचुंबकी कड्यांची असे, आणि कड्यातून येणारी क्षीण लहर कधी धन तर कधी ऋण असे. एकाने धन लहर ओळखावी, दुसऱ्याने ऋण. पण यंत्रास एवढेच हवे की ‘लहर आली की नाही?’ दोन साक्षीदार, एक उत्तर. आमच्या विषयाचा हा पूर्वज म्हणावयास हरकत नाही.

वस्तुतः ह्या कल्पनेचे मूळ त्याहूनही मागे आहे. दोन खटके समांतर जोडले की त्यांतील कोणताही एक दाबला तरी दिवा लागतो, हे विजेचे काम करणाऱ्या प्रत्येकास पहिल्या दिवशीच कळते. ह्या साध्या अनुभवात जॉर्ज बूलचे १८५४ सालचे तर्कगणित दडलेले आहे हे क्लॉड शॅनन ह्याने १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात दाखविले. समांतर जोडणी म्हणजे ‘किंवा’. एकामागून एक जोडणी म्हणजे ‘आणि’. तारेची गाठ हे वाक्यातील उभयान्वयी अव्यय झाले. मराठी व्याकरणात जे काम ‘किंवा’ करितो तेच काम तांब्याचा एक वळसा करू लागला.

तथापि खटक्यांस जे साधते ते ट्रान्झिस्टरांस सरसकट साधत नाही. साठीच्या दशकात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने जी तर्कमंडले प्रचारात आणली, त्यांतील बहुतेकांच्या बाहेर पडणाऱ्या तारेशी दोन ट्रान्झिस्टर एकावर एक उभे असत: एक तारेस वर ओढणारा, दुसरा खाली. अशा दोन तारा एकत्र बांधल्या आणि एकाने वर व दुसऱ्याने खाली ओढण्याचे मनात आणले, तर मधल्या मध्ये प्रवाह धो धो वाहून दोघांचीही हानी. म्हणून ज्यांस तारा एकत्र बांधावयाच्या असतील त्यांच्यासाठी वरचा ट्रान्झिस्टर काढून टाकलेली निराळी मंडले मुद्दाम काढावी लागली. ह्यांना ‘ओपन कलेक्टर’ म्हणतात. असे मंडल तारेस केवळ खाली ओढू शकते. वर ढकलण्याचे सामर्थ्य त्याजपाशी नाही. नसलेल्या सामर्थ्यामुळेच ते दुसऱ्याशी भांडत नाही. विहिरीवर दहा माणसे एकाच दोरास हात लावून उभी आहेत, प्रत्येकास खाली ओढता येते, परंतु वर ढकलता कोणासच येत नाही, असे चित्र डोळ्यांपुढे आणिले म्हणजे ही गोष्ट सहज पटेल. कोणी ओढो वा न ओढो, भांडण होत नाही.

आता मुख्य पात्राचा प्रवेश. १९५९ साली स्थापन झालेल्या नॅशनल सेमिकंडक्टर ह्या अमेरिकन कंपनीने १९८० च्या सुमारास ‘एल.एम. ३९१४’ नावाची चिप पुढे आणली. अठरा पायांची ही काळी वडी म्हणजे दीपमाळेचा संपूर्ण कारभार होय. तिच्या पोटात एकामागून एक जोडलेले सारखे दहा रेझिस्टर आहेत, ही शिडी. शिडीच्या प्रत्येक पायरीवर एक ह्याप्रमाणे दहा कंपॅरेटर बसविलेले आहेत, हे पहारेकरी. मोजावयाचा दाब सर्व पहारेकऱ्यांस एकदमच दाखविला जातो, आणि ज्याची पायरी त्या दाबाने ओलांडली तो आपल्या तारेस खाली ओढतो. चिपमध्येच सुमारे सव्वा व्होल्टचा एक स्थिर दाब निर्माण करण्याची सोय आहे. तो शिडीस दिला म्हणजे दर सव्वाशे मिलिव्होल्टास एक दिवा पुढे सरकतो. दिव्यांसाठी निराळे रेझिस्टर लागत नाहीत, कारण प्रत्येक तार प्रवाह स्वतःच आवरून धरते: स्थिर दाबाच्या पायातून जितका प्रवाह आपण काढू त्याच्या सुमारे दसपट प्रवाह प्रत्येक दिव्यास मिळतो. एक मिलिअँपिअर काढला की दिव्यास दहा. ह्याच घराण्यातील ३९१५ ही चिप तीन तीन डेसिबलांच्या पायऱ्यांनी चढते, कारण कानास आवाज तसाच चढत असल्यासारखा वाटतो. आणि ३९१६ हिच्या पायऱ्या तर १९३९ सालच्या त्या व्ही.यू. काट्याच्या खुणांप्रमाणे आखलेल्या आहेत. काटा गेला, त्याची लिपी मात्र दिव्यांनी जपली.

ह्या चिपचा नववा पाय मोठ्या महत्त्वाचा. तो विद्युत्पुरवठ्याच्या धन बाजूस जोडला की दीपमाळ उजळते, म्हणजे खालपासून वरपर्यंत सर्व ओलांडलेले दिवे जळतात. तो मोकळा सोडला की कंदील चालू लागतो: केवळ सर्वांत वरचा दिवा जळतो व खालचे विझतात. कंदील एका पायरीवरून दुसरीवर जाताना मध्ये अंधार होऊ नये म्हणून सुमारे एका मिलिव्होल्टाचा सांधा ठेवलेला आहे. तेवढ्या अंतरात एक मंदावत जातो व दुसरा उजळत येतो. हे बारीकसे सौजन्य ज्याने चिपमध्ये घातले त्याचे आम्हांस नेहमीच कौतुक वाटत आले आहे.

आणि आता गाठ. दहा दिवे सर्वांनाच हवे असतात असे नाही. पुष्कळांस तीन पुरतात: कमी, ठीक, फार. तेव्हा तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या तारा एकत्र बांधून त्यांस एकच हिरवा दिवा लावला तर? तारा सर्व ओपन कलेक्टर जातीच्या. भांडण होणार नाही. कंदिलाच्या रीतीत हे फारच सुबक जमते. कोणत्याही क्षणी तिघांपैकी एकच पहारेकरी ओढीत असतो, म्हणून दिव्यास एकाचाच प्रवाह मिळतो. एकाकडून दुसऱ्याकडे काम जाताना त्या मिलिव्होल्टाच्या सांध्यामुळे दिवा मिटत नाही. तिसरी ते पाचवी ह्या पायऱ्यांच्या सबंध टापूत हिरवा दिवा अखंड जळतो आणि सहावी पायरी येताच विझतो. तारेच्या एका वळशाने ‘किंवा, किंवा’ असे म्हटले गेले.

दीपमाळेच्या रीतीत मात्र हीच गाठ निराळे फळ देते. तेथे चौथा पहारेकरी ओढू लागला तरी तिसरा सोडीत नाही. प्रवाहांची बेरीज होते. किर्खोफने १८४५ साली सांगितलेल्या नियमास येथेही अपवाद नाही. दहा मिलिअँपिअरचे तिघे मिळून तीस होतात, आणि हिरवा दिवा प्रथम मंद, मग उजळ, मग डोळे दिपविणारा असा होत जातो. कोणास हेच हवे असेल तर ती युक्ती आहे. न कळत झाले तर ती हानी आहे, कारण साधा दिवा वीस-तीस मिलिअँपिअरच्या पलीकडे फार काळ सोसत नाही. ह्यावर एक उपाय दिव्यापाशी स्वतंत्र रेझिस्टर घालून प्रवाहास अखेरची मर्यादा घालणे, हा होय. पण किंचित विचार केला तर दिसेल की, दीपमाळेच्या रीतीत ही गाठ बहुधा निरर्थकच असते. तिसरा पहारेकरी एकदा ओढू लागला की दाब उतरेतो तो ओढीतच राहणार; मग चौथ्याने व पाचव्याने त्यात भर ती काय घालावयाची? ‘तिसरी पायरी ओलांडली, किंवा चौथी, किंवा पाचवी’ ह्या वाक्याचा अर्थ ‘तिसरी पायरी ओलांडली’ एवढाच. जेथे एकाच्या साक्षीत दुसऱ्याची साक्ष आधीच सामावलेली आहे तेथे दोघांस एकत्र बांधून नवे काहीच कळत नाही. जेथे दोघे परस्परांहून भिन्न गोष्ट सांगतात तेथेच त्यांस एकत्र बांधण्याला अर्थ असतो. आणि नेमके तेथेच काही तरी गमावतेही.

काय गमावते, हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या गावच्या वाचनालयात सायंकाळी वीज जाण्याचा क्रम फार जुना. म्हणून तेथे बारा व्होल्टची शिसे-आम्लाची एक बॅटरी दिव्यांसाठी ठेवलेली होती. तिच्यावर नजर राहावी म्हणून आम्हीच हौसेने ह्या चिपचे एक पाटे बसवून दिले. साडेदहा व्होल्टला पहिला दिवा, आणि पुढे दर अर्ध्या व्होल्टास एक, ह्याप्रमाणे पंधरा व्होल्टपर्यंत दहा दिवे; रीत कंदिलाची. काही दिवसांनी सभासदांची तक्रार आली की, एवढ्या दिव्यांतून आम्ही काय समजावे? चालेल की नाही चालेल, एवढेच सांगा. तक्रार रास्त वाटली. आम्ही पहिल्या दोन तारा बांधून तांबडा दिवा लावला. तिसरी, चौथी व पाचवी बांधून हिरवा. आणि वरच्या पाच बांधून पिवळा, ज्याचा अर्थ बॅटरी भरली जात आहे. पाटे सुटसुटीत दिसू लागले. आम्हांस आपल्या कामाचा थोडा अभिमानही वाटला.

पुढे पावसाळ्यात एका संध्याकाळी व्याख्यान रंगात आले असता दिवे गेले. हिरवा दिवा घटकेपूर्वीच पाहिला होता असे सारेच सांगत होते. तांबडा केव्हा लागला व केव्हा विझला हे कोणीच पाहिले नव्हते. लोक अंधारात चाचपडत जिन्यावरून उतरले. दुसऱ्या दिवशी आम्ही पाटे उघडून बसलो तेव्हा वृद्ध ग्रंथपाल जवळ येऊन उभे राहिले. म्हणाले, “भाऊसाहेब, रागावू नका. दहा दिवे होते तेव्हा मी दिवे मालवताना रोज पाहत असे. पूर्वी पाचव्यावर असायचा, मग चौथ्यावर येऊ लागला. म्हटलं, बॅटरी थकली; सांगावं तुम्हांला. तेवढ्यात तुम्ही तीन दिवे केलेत. मग रोज हिरवाच.”

ह्यावर आम्हांस काय उत्तर देता येणार होते? बॅटरीचा स्वभाव असा की, तिचा दाब बराच काळ हळूहळू उतरतो आणि शेवटी एकाएकी कोसळतो. तेरा व्होल्टपासून साडेअकरांपर्यंतचा तो सावकाश उतार, जो वाचता येत होता, ज्यात सूचना होती आणि वेळही होता, तो सबंध आम्ही एका हिरव्या दिव्याच्या पोटात घातला. तांबड्या दिव्याच्या वाट्यास कड्यावरून पडण्याचे अखेरचे क्षण तेवढे ठेवले. आमच्या गाठीत विद्युत्शास्त्राची चूक एकही नव्हती. चूक होती ती निवाड्याची: ह्या टापूतील भेद कोणास नकोत, असे आम्ही परस्पर ठरवून टाकले, आणि तो भेद वाचणारा एक मनुष्य रोज संध्याकाळी त्या पाट्यापुढे उभा राहत होता, हे आम्ही विचारलेही नाही.

शिवाय एकच दाब निरनिराळ्या वेळी निरनिराळे बोलतो. बॅटरी स्वस्थ पडून असताना साडेबारा व्होल्ट दिसले तर ती जवळजवळ भरलेली आहे. तेच साडेबारा मोटारीचे इंजिन चालू असताना दिसले तर भरणारे यंत्र काम करीत नाही असा संशय घ्यावा. पडून असताना बारा म्हणजे बरीच रिकामी; ओझे ओढीत असताना बारा म्हणजे अगदी निकोप. आकडा पाहणारा मनुष्य हा प्रसंग मनात धरून अर्थ लावतो. हिरव्या दिव्यास प्रसंग कळत नाही. त्याच्या निर्मात्याने एकदा, दुपारी, मेजावर बसून, जो प्रसंग कल्पिला तोच त्याला जन्मभर पुरवावा लागतो.

आमची हानी काळोखात जिना उतरण्यापुरती होती. मोठ्या हानीचे उदाहरण इतिहासात आहे. २८ मार्च १९७९ रोजी पहाटे अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथील अणुवीजकेंद्रात एक झडप उघडली व पुन्हा मिटण्याचे सोडून उघडीच राहिली. नियंत्रणकक्षातील दिवा मात्र ती मिटली असे सुचवीत होता. कारण त्या दिव्याची तार झडपेस नव्हे, तर झडपेस दिलेल्या हुकुमास जोडलेली होती. हुकूम सुटला, दिवा विझला, आणि ‘मिट असे सांगितले’ ह्याचा अर्थ ‘मिटली’ असा वाचला गेला. त्याच वेळी शंभरांहून अधिक धोक्याच्या सूचना एकदम वाजू व चमकू लागल्या होत्या. दोन तासांहून अधिक काळ पाणी वाहून जात राहिले, आणि अणुभट्टीच्या गाभ्याचा जवळपास अर्धा भाग वितळला. एकीकडे एका दिव्याने कमी सांगितले, दुसरीकडे शेकडो सूचनांनी इतके सांगितले की काहीच ऐकू येईना. तारा बांधाव्या की मोकळ्या सोडाव्या ह्या वादातील दोन्ही टोके त्या एका पहाटेत पाहावयास मिळतात.

म्हणून गाठ बांधूच नये असे आमचे म्हणणे नाही. शंभर दिव्यांपुढे बसविलेला मनुष्य एकही पाहत नाही. ७११ च्या कर्त्याने दोन उत्तरे एकत्र बांधली ती योग्यच बांधली, कारण लहर धन की ऋण ह्याशी स्मृतीला कर्तव्यच नव्हते. त्या भेदात अर्थ नव्हता. किंबहुना गाठीची कसोटीच ही की, जो भेद आपण पुसतो त्यावाचून कोणाचे अडत नाही ना, हे आधी पाहावे. आणि ते ज्याचे अडावयाचे त्यास विचारून पाहावे. चिपच्या निर्मात्यांनीच ह्याचा एक धडा घालून ठेवला आहे. कंदिलाच्या रीतीने दोन चिपा जोडून वीस दिव्यांची माळ करावयाची असेल, तर पहिल्या चिपच्या नवव्या दिव्याची तार दिव्याबरोबरच दुसऱ्याही कामास लागते: पुढील चिपचा दिवा लागला की नाही हे ओळखण्यास पहिलीला दिव्यांच्या पुरवठ्याचा दाब माहीत असावा लागतो, आणि तो तिला ह्याच तारेतून, वीस हजार ओहमच्या एका रेझिस्टरावाटे कळतो. तेवढ्यासाठी वळविलेला प्रवाह इतका अल्प की दिव्याच्या उजेडात फरक दिसत नाही. जी तार आपणांस केवळ बोलणारी वाटते ती ऐकतही असते. हे न जाणता जो ती इतर तारांत गुंफील, त्याने माळेचा कोणता मणी कशास आधार देतो ह्याचा विचार अगोदर करावा.

नॅशनल सेमिकंडक्टर ही कंपनी २०११ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये विलीन झाली. आता लहान गणक-चिपा इतक्या स्वल्प किंमतीस मिळतात की दहा पहारेकऱ्यांची शिडी कोणास जुनाट वाटावी. त्यांत गाठ तारेची नसते. ती लिहिलेल्या आज्ञांत असते, आणि म्हणून डोळ्यांस दिसत नाही. आमच्या पाट्यावरील गाठ निदान दिसत तरी होती. मागे वळवून पाहिले की कोणत्या तीन तारांचा एक हिरवा दिवा झाला हे कोणासही सांगता येई, आणि डाग देण्याच्या तापल्या टोकाने ती क्षणात सोडविताही येई.

ती आम्ही त्याच दिवशी सोडविली. हिरवा, तांबडा व पिवळा हे तिन्ही दिवे काढून पुन्हा दहा बसविले. सभासदांसाठी एक पट्टी रंगवून शेजारी चिकटविली: येथून खाली जपून, येथून वर निर्धास्त. निवाडा ज्यास हवा त्याने पट्टी पाहावी. साक्ष ज्यास हवी त्याने दिवे पाहावेत. ग्रंथपालांनी पहिल्या संध्याकाळी पाट्यापुढे उभे राहून चष्मा पुसला, आणि मालवण्यापूर्वी वहीत एक आकडा लिहिला. “चौथ्यावर आहे,” ते म्हणाले, “नवी बॅटरी ह्या महिन्यातच घ्यावी लागेल.”

ती आम्ही घेतली.